रोहिणीचे पाणी आणि समाजजीवनाचा तोल
(‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील परिव्रज्येच्या प्रकरणाची एक समीक्षा)

आपल्या चळवळीतील कोणत्याही अभ्यासवर्गात एक वाद हटकून उपस्थित होतो. आधी पोटापाण्याचा प्रश्न सोडवावा, आधी सत्ता हस्तगत करावी, की आधी मन आणि संस्कृती बदलावी? प्रत्येक पक्षाजवळ बाबासाहेबांच्या लेखनातील आधार असतो. कोणी १९३६ सालच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा दाखला देतो, कोणी सत्तेसंबंधीच्या भाषणांचा, तर कोणी १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचा. वाद रात्री उशिरापर्यंत रंगतो आणि शेवटी जो तो आपापल्या कार्याला निघून जातो. राजकारणी राजकारणाला, साहित्यिक साहित्याला, नोकरदार नोकरीला. समाजाच्या तीन अंगांनी एकमेकांशी बोलणे सोडले, तर समाजाचे काय होते, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी स्वतंत्र निबंध लिहून दिलेले नाही. परंतु १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आरंभीच ते एका कथेच्या रूपाने मांडलेले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती कथा म्हणजे शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. या प्रकरणाकडे बहुतेक अभ्यासक ‘सिद्धार्थाने गृहत्याग का केला’ या चरित्रविषयक प्रश्नाचे उत्तर म्हणूनच पाहत आले. त्यात समाजरचनेचा जो विचार दडलेला आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो विचार उलगडून दाखविणे आणि त्याच्या मर्यादाही सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

कथेचे दोन पाठ

म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाला तोपर्यंत मृत्यू ठाऊक नसावा, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. त्याऐवजी त्यांनी रोहिणीचा तंटा पुढे आणला. या बदलावर, ‘याला पालि वाङ्मयात आधार कोठे आहे’ असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात तथागतांनी स्वतःला आलेल्या संवेगाचे कारण सांगितले आहे. आटत चाललेल्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसे तडफडत आहेत आणि एकमेकांच्या विरुद्ध उभी ठाकली आहेत, हे पाहून आपल्या मनात भय उत्पन्न झाले, असे ते म्हणतात. हातात शस्त्र घेण्यातूनच भय जन्मते, हे त्या सुत्ताचे सूत्र आहे. दोन, गोव्यात जन्मलेले आणि मराठीत बौद्ध विद्येचा पाया घालणारे आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी याच सुत्ताच्या आधारे गृहत्यागाची मीमांसा आपल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात केलेली आहे. तेव्हा बाबासाहेबांची मांडणी निराधार नाही. तिला आधार आहे; तो आधार घेऊन त्यांनी जे उभारले, ते मात्र सर्वस्वी त्यांचे आहे.

रोहिणीचा तंटा पालि अट्ठकथांतही आहे. धम्मपदाच्या सुखवग्गावरील अट्ठकथेत आणि कुणाल जातकाच्या प्रास्ताविकात तो येतो. तेथे तो बुद्धत्वप्राप्तीनंतर घडतो. जेठ महिन्यात पिके करपू लागली. नदीचे पाणी एकाच तीराच्या पिकाला पुरेल एवढे. दोन्ही तीरांवरील दास आणि मजूर पाण्यासाठी भांडू लागले. भांडता भांडता ते एकमेकांच्या मालकांची कुळे काढू लागले. कोणी शाक्यांच्या पूर्वजांच्या विवाहांवर घसरले, कोणी कोलियांच्या पूर्वजांच्या कुष्ठरोगावर. ही कुळाची निंदा अमात्यांपर्यंत गेली, तेथून राजकुळांपर्यंत गेली आणि दोन सैन्ये समोरासमोर उभी राहिली. तथागत तेथे आले आणि त्यांनी भांडणाचे कारण विचारले. राजांना ते ठाऊक नव्हते. सेनापतीला विचारले, उपराजाला विचारले. असे विचारत विचारत प्रश्न खाली खाली गेला. शेवटी दासांनी आणि मजुरांनी सांगितले की, भांडण पाण्याचे आहे. मग तथागतांनी पाण्याचे मोल काय आणि क्षत्रियांच्या रक्ताचे मोल काय, असे विचारले आणि युद्ध टळले.

या अट्ठकथेतील एक बारकावा विलक्षण आहे. युद्ध करायला निघालेल्यांना युद्धाचे कारण ठाऊक नाही. टंचाई आर्थिक होती. तिला पेटवले ते कुळाच्या अभिमानाने, म्हणजे संस्कृतीने. आणि तिला सैन्याचे रूप दिले ते राजसत्तेने. टंचाई सोसणारा सर्वांत खाली आहे आणि निर्णय घेणारा सर्वांत वर आहे. मध्ये जे काही आहे, त्यात मूळ कारण हरवून गेले आहे. समाजाचा तोल ढळतो तो असा.

बाबासाहेबांचे तीन बदल

बाबासाहेबांनी या कथेत तीन महत्त्वाचे बदल केले. पहिला, घटना बोधिप्राप्तीच्या आधी आणली, म्हणजे ती धम्माच्या शोधाचे कारण झाली. दुसरा, राजांच्या जागी शाक्यांचा संघ आणला, म्हणजे निर्णय एका व्यक्तीचा न राहता सभेचा झाला. तिसरा, तथागतांच्या एका उपदेशाने भांडण मिटविण्याऐवजी सिद्धार्थाला त्या सभेत पराभूत होऊ दिले. या तिन्ही बदलांमागे समाजजीवनाच्या तीन अंगांचा विचार आहे.

प्रथम राजकीय अंग पाहू. शाक्यसंघाची कार्यपद्धती निर्दोष आहे. ठराव रीतसर मांडला जातो, त्याला अनुमोदन मिळते, विरोधकाला बोलू दिले जाते, मते घेतली जातात. सिद्धार्थ उपाय सुचवितो की, दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी तंटा तोडावा. हा ठराव प्रचंड बहुमताने फेटाळला जातो. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव येतो, तेव्हा आदल्या दिवशी युद्धाला विरोध करणारे सभासद गप्प बसतात. बहुमतापुढे मान न तुकविण्याचा निर्णय त्यांनी मनाशी घेतलेला असतो, पण तो उघड बोलून दाखविण्याचे धैर्य त्यांना होत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत शेवटचे महत्त्वाचे भाषण करताना ज्या पुरुषाने प्राचीन भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धती अवगत होती हे अभिमानाने सांगितले, त्याच पुरुषाने आपल्या अखेरच्या ग्रंथात, केवळ कार्यपद्धती चोख असल्याने सभा न्याय्य निर्णय घेतेच असे नाही, हे दाखविले. या दोहोंत विसंगती नाही. लोकशाहीचा सांगाडा आणि लोकशाहीचा प्राण यांतील भेद त्यांनी येथे प्रसंगातून सांगितला आहे.

प्राण का नव्हता? येथे सांस्कृतिक अंग येते. सेनापतीचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद पाण्याचा नाहीच. तो धर्माचा आहे. यज्ञ हा ब्राह्मणाचा धर्म, युद्ध हा क्षत्रियाचा, व्यापार हा वैश्याचा आणि सेवा हा शूद्राचा. प्रत्येकाने आपापला धर्म पाळण्यातच पुण्य आहे, अशी शास्त्राची आज्ञा तो सभेपुढे ठेवतो. सिद्धार्थ त्याला, वैराने वैर शमत नाही, हे ओळखणे म्हणजे धर्म, असे उत्तर देतो. सभेला हे उत्तर रुचत नाही. म्हणजे मतदान करणाऱ्यांची मने चातुर्वर्ण्याने आधीच बांधलेली होती. मत मोकळे होते, मन मोकळे नव्हते. संस्कृती बदलल्याशिवाय मतपेटी न्याय देऊ शकत नाही, हा धडा याहून स्पष्टपणे कसा सांगता आला असता?

आता आर्थिक अंग. सैन्यभरतीला नकार देणाऱ्या सिद्धार्थाला सेनापती शिक्षेची आठवण करून देतो. देहान्त किंवा हद्दपारी या शिक्षांना कोसलराजाची अनुमती लागेल. परंतु संघ कोसलराजाला न विचारता दोन गोष्टी करू शकतो. एक, कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालणे. दुसरी, कुटुंबाची जमीन जप्त करणे. पालि कथेत हे नाही. हे बाबासाहेबांनी लिहिले आहे. महाराष्ट्रातील खेड्यात वाढलेल्या कोणत्याही बौद्ध वाचकाला या दोन शिक्षा वाचून दचकायला होते, कारण त्या त्याच्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीच्या आहेत. ज्याने गावाची आज्ञा मोडली, त्याचे बलुते बंद. त्याला दुकानात मीठमिरची नाही. त्याच्या हातातले रान गेले. राज्याच्या कायद्याने जे करता येत नाही, ते समाज भाकरीच्या मार्गाने करतो. राजकीय स्वातंत्र्य असलेल्या माणसाला आर्थिक परावलंबन गप्प बसविते. आदल्या दिवशी विरोधात मत देणारे शाक्य दुसऱ्या दिवशी गप्प का बसले, याचे एक उत्तर या शिक्षांत असावे, असा तर्क करण्यास जागा आहे.

महाडचा दाखला

हा केवळ ग्रंथार्थ नाही. बाबासाहेबांनी तो अनुभवातून काढला होता. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. राजकीय अंगाने प्रश्न सुटला होता. तरीही १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेपर्यंत त्या पाण्याला अस्पृश्याचा हात लागू शकला नाही. हात लागला त्या दिवशी परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. म्हणूनच त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन करावे लागले; कारण अडथळा कायद्यात उरला नव्हता, तो शास्त्रात होता. न्यायालयीन लढा पुढे १९३७ पर्यंत चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला. आणि खेड्यापाड्यांतून ज्यांना त्रास सोसावा लागला, त्यांची भाकरी गावाच्या हाती होती. म्हणून १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाचे विधेयक आणले. विधिमंडळ, शास्त्र आणि वतन, या तिन्ही आघाड्यांवर ते दोन वर्षांच्या आत लढले. यांपैकी कोणती आधी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारल्याचे दिसत नाही.

मराठवाड्यात हेच पुन्हा दिसले. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. मागणी सांस्कृतिक होती, ठराव राजकीय होता; सूड मात्र झोपड्यांवर, धान्यावर आणि मजुरीवर उगवला गेला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. ज्यांना विद्यापीठाची पायरीही चढायची नव्हती, अशा भूमिहीनांची घरे एका नावासाठी जळली. तीन अंगे कागदावर वेगळी करता येतात, गावात ती वेगळी नसतात.

अंगे वेगळी करावीत काय?

युरोपात याच प्रश्नावर निराळा विचार झालेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी त्रिविध समाजरचनेची कल्पना मांडली. फ्रेंच राज्यक्रांतीची तीन तत्त्वे त्यांनी तीन अंगांत वाटून दिली. सांस्कृतिक जीवनात स्वातंत्र्य, राजकीय व कायदेविषयक जीवनात समता आणि आर्थिक जीवनात बंधुता. ही तिन्ही क्षेत्रे एकमेकांपासून स्वायत्त असावीत, राज्याने शिक्षणावर किंवा भांडवलाने राज्यावर स्वार होऊ नये, असा त्यामागचा हेतू होता. हेतू चांगला आहे. सत्ता, पैसा आणि धर्म एका हाती एकवटल्याचे दुष्परिणाम आपणही भोगलेले आहेत.

परंतु ही वाटणी भारताला लावून पाहिली, तर तिचा दोष ध्यानात येतो. जात ही एकाच वेळी श्रमिकांची विभागणी आहे, सत्तेची उतरंड आहे आणि शुद्धाशुद्धाची श्रद्धा आहे. सांस्कृतिक जीवनाला केवळ स्वातंत्र्य दिले आणि तेथे समतेची अट घातली नाही, तर त्या स्वातंत्र्याचा पहिला लाभ अस्पृश्यता पाळणाऱ्याला होईल. आर्थिक जीवन केवळ बंधुभावावर सोपविले आणि तेथे हक्काची हमी दिली नाही, तर मजुराच्या वाट्याला मालकाची दया येईल. म्हणूनच १९४९ च्या त्या भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एक अविभाज्य त्रयी मानले आणि एकीला दुसरीपासून तोडले की लोकशाहीचा हेतूच नष्ट होतो, असे बजावले. १९५४ साली आकाशवाणीवरून त्यांनी स्पष्ट केले की, ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. स्टायनर एका अंगाला एक तत्त्व देतात. बाबासाहेब प्रत्येक अंगात तिन्ही तत्त्वे मागतात. हा भेद मूलगामी आहे.

दानाकडून हक्काकडे

धम्माच्या वाङ्मयात आर्थिक अंगाची उपेक्षा आहे, असे म्हणणाऱ्यांनी दीघनिकायातील दोन सुत्ते वाचावीत. कूटदन्त सुत्तात महाविजित राजाला मोठा यज्ञ करावयाचा असतो. राज्यात लूटमार चालू आहे. पुरोहित त्याला सांगतो की, दंडाने ही लूटमार थांबणार नाही. शेती आणि पशुपालन करणाऱ्यांना बी आणि चारा दे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल दे, राजसेवेत असणाऱ्यांना अन्न आणि वेतन दे. लोक आपापल्या कामात गढून जातील आणि राज्य निष्कंटक होईल. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात याची उलट बाजू आहे. राजा रक्षणाची व्यवस्था करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी उत्पन्न होते. मग राजा पकडलेल्या चोराला धन देऊ लागतो, तर चोऱ्या वाढतात. मग तो शिरच्छेद करू लागतो, तर शस्त्रे वाढतात, हत्या वाढते, खोटे बोलणे वाढते आणि माणसाचे आयुष्यच घटत जाते. तुरळक दया आणि कठोर दंड हे दोन्ही उपाय येथे अपुरे ठरविले आहेत. नीतीचा ऱ्हास दारिद्र्यातून होतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वी इतक्या स्वच्छपणे सांगितले गेले, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

मात्र समीक्षकाने येथेच थांबता कामा नये. या दोन्ही सुत्तांत देणारा राजा आहे. तो देईल तर प्रजा सुखी, न देईल तर प्रजा दुःखी. घेणाऱ्याच्या हाती काहीच नाही. बाबासाहेबांचे कार्य येथून पुढे सुरू होते. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने सादर केलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा राज्याची मक्तेदारी असावी, शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक कसणुकीसाठी द्यावी, अशी मागणी त्यांनी केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही रचना संविधानातच असावी, बदलत्या बहुमताच्या मर्जीवर सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. महाविजिताचे दान येथे नागरिकाचा हक्क झाले. शाक्यसंघाच्या बहुमताने जे केले, ते पुन्हा होऊ नये याची ही तजवीज होती. ती मागणी मान्य झाली नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात आपण २६ जानेवारी १९५० ला प्रवेश करीत आहोत, हा त्यांचा इशारा या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

ग्रंथाची मर्यादा

आदर राखूनही एक उणीव सांगावी लागते. अट्ठकथेत पाण्याचे खरे कारण सांगणारे दास आणि मजूर आहेत. बाबासाहेबांच्या कथेतही मारामारी प्रथम नदीकाठी राबणाऱ्यांत होते आणि पहिल्या जखमा त्यांनाच होतात. परंतु संघाच्या सभेत ते नाहीत. सभासद शाक्य कुळाचे आहेत. वाद होतो तो सेनापती आणि सिद्धार्थ यांच्यात. ज्याच्या शेताला पाणी हवे त्याचा आवाज येथे आहे; जो ते पाणी वळवतो त्याचा आवाज नाही. लवाद नेमण्याची सिद्धार्थाची सूचना शहाणपणाची आहे, पण त्या पाचांत राबणाऱ्यांपैकी कोणी असावा, असे तोही म्हणत नाही. मुंबईतील १९३८ च्या संपाचे नेतृत्व करणाऱ्या पुरुषाच्या लेखणीतून हे सुटावे, याचे आश्चर्य वाटते.

पण पुढे वाचत गेले असता या उणिवेचे अंशतः निरसन होते. सिद्धार्थ गेल्यावर लोकच रस्त्यावर येतात, स्त्रीपुरुष मिरवणुका काढतात, संघाला युद्ध थांबवून बोलणी करावी लागतात आणि रोहिणीच्या पाण्यासाठी कायमचे लवादमंडळ स्थापन होते. सभेने जे नाकारले ते लोकांनी करवून घेतले. ही वार्ता सिद्धार्थाला राजगृहात मिळते. तंटा मिटला, आता परत चला, असे कोणीही म्हणेल. तो परतत नाही. युद्धे कधी तरी थांबतात, पण वर्गावर्गांतला संघर्ष नित्य चालतो आणि तेच दुःखाचे मूळ आहे, या निष्कर्षाला तो येतो. करार झाला म्हणजे समाज निरोगी झाला असे नव्हे, हे या प्रसंगाचे तात्पर्य आहे. येथून पुढे जो शोध सुरू होतो, तो धम्माचा आहे.

आपला तोल

आता स्वतःकडे पाहू. बाबासाहेबांनी तिन्ही अंगांसाठी संस्था उभारल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा आणि त्यांच्या संकल्पनेनुसार १९५७ साली रिपब्लिकन पक्ष. १९५६ नंतर आपण सांस्कृतिक क्षेत्रात मोठी मजल मारली. १९७२ साली दलित पँथरचा उदय झाला, साहित्याने मराठीची भाषा बदलली, गावोगावी विहारे उभी राहिली. त्यासाठी समाजाने किंमतही मोजली. धम्म स्वीकारल्यामुळे केंद्रातील अनुसूचित जातींच्या सवलती १९९० पर्यंत नाकारल्या गेल्या आणि तरीही लोक धम्मातच राहिले. राजकीय क्षेत्रात मात्र पक्ष गटागटांत विभागला गेला. आर्थिक क्षेत्रात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह सोडले, तर तेवढ्या ताकदीचा दुसरा लढा आपल्याला सांगता येत नाही. १९९१ नंतर अर्थव्यवस्थेचे मोठे क्षेत्र राखीव जागांच्या कक्षेबाहेर वाढत गेले आणि त्याला उत्तर देणारी आपली संस्था तयार नव्हती.

या असमतोलाचा परिणाम विहारातही दिसतो. वर्षावासात ग्रंथवाचन होते, पण त्याच वस्तीतील कुटुंब सावकाराच्या व्याजात बुडालेले असते. पूजेच्या रांगेत ते कुटुंब बसलेले असते आणि त्याच्या कर्जाची वाच्यता कोणी करीत नाही, कारण तो विषय ‘धम्माचा’ नाही, असा आपला समज झालेला आहे. हा समज बाबासाहेबांनीच खोडून काढलेला आहे. १९५० साली महाबोधि नियतकालिकात लिहिताना त्यांनी धर्माच्या ज्या कसोट्या सांगितल्या, त्यांत, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये, ही एक कसोटी आहे. ज्या विहारात दारिद्र्याचा विचार होत नाही, ते विहार त्या कसोटीला उतरत नाही.

अंगुत्तरनिकायात एक उपदेश आहे. दीघजाणु नावाचा गृहस्थ तथागतांना म्हणतो, आम्ही मुलाबाळांचे, संसारी लोक. आम्हांला या जन्मी हिताचे होईल असे काही सांगा. तथागत त्याला चार गोष्टी सांगतात: उद्योगशीलता, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे तोलाचे जीवन. तागडी धरणारा जसे एक पारडे किती झुकले हे जाणतो, तसे गृहस्थाने आपले मिळविणे आणि खर्चणे जाणावे. हा दीघजाणु कोलिय होता. ज्या कोलियांशी पाण्यासाठी शस्त्रे उपसली गेली, त्यांच्यापैकीच एकाला तथागतांनी तोलाचा धडा दिला.

हा उपदेश एका घरापुरता आहे, हे खरे. तो समाजाला लागू करणे हा आमचा विस्तार आहे. पण घराला जे लागू, ते वस्तीला आणि चळवळीला का लागू नसावे? तोल म्हणजे तिन्ही पारड्यांत सारखे वजन टाकणे नव्हे; कोणते पारडे झुकले आहे हे ओळखून दुसऱ्यात भर घालणे म्हणजे तोल. आज आपले आर्थिक पारडे रिकामे आहे. विनयात भिक्खुसंघाने चीवरे आणि भोजन वाटणाऱ्यासाठी रीतसर ठरावाने माणूस निवडावा आणि तो पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा, असा नियम आहे. अर्थव्यवहार, सभेची पद्धती आणि नीती या तिन्ही गोष्टी त्या एका नियमात एकत्र आलेल्या आहेत. प्रत्येक विहाराने अशा रीतीने निवडलेल्या माणसांची एक पतसंस्था किंवा बचतगट चालवावा, हिशेब पौर्णिमेला सर्वांसमोर वाचावा, आणि जेथे बहिष्काराचा प्रकार घडेल तेथे २०१६ च्या महाराष्ट्रातील सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेऊन त्या कुटुंबाच्या पाठीशी भाकरीसह उभे राहावे. हे काम लहान आहे, पण भाकरीची चिंता मिटलेला माणूसच सभेत हात वर करू शकतो.

शाक्यसंघाच्या सभेत सिद्धार्थाच्या बाजूने मत देणारे दुसऱ्या दिवशी गप्प बसले. आपल्या वस्तीतील अशा गप्प बसणाऱ्यांना बोलते करणे, हे विहाराचे कार्य आहे, असे आम्हांस वाटते. आधी काय, हा वाद त्यानंतर घालता येईल.